उतरणीची पायवाट

प्रवासवर्णन लिहायचे तर माणसाने निदान बोरघाट तरी ओलांडलेला असावा, अशी आपल्याकडे रीत आहे. हिमालय किंवा युरोप असेल तर उत्तमच. मी ज्या प्रवासाची हकीकत सांगणार आहे तो सगळा मिळून साडेतीन किलोमीटरचासुद्धा नव्हता आणि तोही जीपमधून झाला. वाटेत धर्मशाळा नव्हती, चहाची टपरी नव्हती, झाडही नव्हते. मुंबईच्या विमानतळाच्या मोठ्या धावपट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मी गेलो आणि परत आलो, एवढेच. पण हा प्रवास मी स्वतःसाठी केला नव्हता. जे पाहीन ते घरी येऊन सांगायचे होते, आणि ऐकणारा गृहस्थ बारीकसारीक प्रश्न विचारणारा होता.

हे गृहस्थ म्हणजे आमचे अण्णा. त्यांचे सारे आयुष्य तारखात्यात गेले. कट्ट-कडकट्ट या आवाजातून जन्म, मृत्यू, लग्ने आणि नेमणुका उतरवून घेत त्यांनी नोकरी केली. २०१३ सालच्या जुलैत सरकारने तारसेवा बंद केली तेव्हा ते निवृत्त होऊन बसले होते. तरी त्या दिवशी ते नीट जेवले नाहीत. पार्ल्याच्या आमच्या जुन्या घराला एक गॅलरी आहे, आणि गेली पन्नासएक वर्षे डोक्यावरून जाणारी विमाने ऐकणे हा त्या गॅलरीतला त्यांचा धंदा. आधी ते पाहतही असत. पुढे काचबिंदूने डावा डोळा घेतला आणि उजवाही हळूहळू जाऊ लागला. मग ऐकणेच उरले.

मी नागपूरला एका कॉलेजात मराठी शिकवतो. पावसाळ्यात अण्णांच्या उजव्या डोळ्याचे ऑपरेशन ठरले. दुसऱ्या दिवशी सकाळी आठची वेळ होती, आणि मी आदल्या संध्याकाळच्या विमानाने निघालो. मुंबई जवळ आली तशी खिडकीबाहेर नुसता काळा कापूस. पाऊस काचेवर आडवा धावत होता. चाके बाहेर पडल्याचा धडधडाट झाला, शेजारच्या बाईंनी डोळे मिटले, आणि आता टेकणार, आता टेकणार असे वाटत असतानाच इंजिने एकदम गर्जली आणि विमान नाक वर करून पुन्हा आभाळात शिरले. कोणी काही बोलेना. पाच-सात मिनिटांनी वैमानिकाचा शांत आवाज आला : धावपट्टी दिसली नाही, म्हणून पुन्हा प्रयत्न करू; नाही जमले तर अहमदाबादला जाऊ.

खोटे कशाला सांगू, मला त्या माणसाचा भयंकर राग आला. खाली माझे घर आहे, सकाळी आठ वाजता बापाचा डोळा कापणार आहेत, आणि हा इसम म्हणतो दिसले नाही! एवढ्या यंत्रांनी भरलेल्या विमानात दिसायचे काय राहते? अर्ध्या तासाने दुसऱ्या खेपेला आम्ही उतरलो. तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत.

घरी पोचलो तर अण्णा जागे होते. मी बूट काढतो आहे तोच म्हणाले, "पहिल्या खेपेला उतरला नाहीत ना?" मी चकित झालो. ते म्हणाले, "एक विमान उडून गेलं. त्याच्यामागे पुरतं मिनिटही झालं नाही आणि दुसरं डोक्यावरून गेलं, पुऱ्या ताकदीनं. इतक्या लगेच कोणी उडवत नाही. म्हटलं, हा आपलाच असणार." पावसाळ्यात वारा समुद्राकडून येतो, म्हणून विमाने घाटकोपरच्या बाजूने, म्हणजे पूर्वेकडून येऊन पश्चिमेकडे तोंड करून उतरतात. ज्याला उतरणे जमले नाही ते धावपट्टीवरून सरळ पुढे येऊन पार्ले-जुहूच्या माथ्यावरून समुद्रावर निघून जाते. म्हणजे मी वैमानिकाला मनातल्या मनात शिव्या घालत होतो तेव्हा अक्षरशः माझ्या घरावरून चाललो होतो, आणि खाली अंधारात अण्णा माझा आवाज ओळखत होते.

मी माझा राग बोलून दाखवला. अण्णांनी तो ऐकून घेतला आणि विचारले, "तो कशाच्या आधारानं खाली येत होता, माहीत आहे का तुला?" मला माहीत नव्हते. मला छंदःशास्त्र माहीत आहे, ज्ञानेश्वरीची व्याकरणव्यवस्था माहीत आहे; विमान कशाच्या आधाराने खाली येते हे माहीत नव्हते. "आपल्या घरापासून दीड-दोन किलोमीटरवर, भिंतीपलीकडे एरियलची एक ओळ उभी आहे," अण्णा म्हणाले. "तिच्या आधारानं. इतकी वर्षं इथं राहिलो, पण ती काही पाहायला मिळाली नाही. आता तर काय..." वाक्य त्यांनी तिथेच सोडले.

ऑपरेशन झाले. डोळा वाचला, म्हणजे उजेड-अंधार आणि माणसांच्या सावल्या एवढे वाचले. त्याहून अधिकाची आशा डॉक्टरांनीही दिली नव्हती.

पुढच्या फेब्रुवारीत योग आला. माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे. बारावी सायन्सला असताना मार्क पडतात म्हणून मराठी घेतलेली, आणि नंतर खरोखरच मराठी वाचू लागलेली. ती आज विमानतळावर दिशादर्शक यंत्रांच्या विभागात अधिकारी आहे. तिथल्या मंडळींनी मराठी भाषा गौरव दिनाला व्याख्यानासाठी मला बोलावले. मानधन म्हणून शाल-श्रीफळ देणार होते. मी म्हटले, शाल राहू दे, मला ती एरियलची ओळ दाखव. ती हसली. मग अर्ज, ओळखपत्राच्या नकला, तात्पुरता पास, फोन बाहेर ठेवणे, अंगात चमकणारे नारिंगी जाकीट, असे सोपस्कार होऊन आम्ही एकदाचे जीपमध्ये बसलो. तिच्या हातातल्या वायरलेसवर सारखे कोणी तरी बोलत होते. टॉवरने परवानगी दिल्याशिवाय जीप वीतभरही पुढे सरकत नव्हती.

पहिला मुक्काम पूर्वेच्या टोकाशी, विमाने जिथे टेकतात त्याच्या आसपास. धावपट्टीच्या उंबऱ्यापासून सुमारे ३०० मीटर आत आणि बाजूला शेसव्वाशे मीटरवर एक उंच खांब उभा होता. त्यावर एकावर एक तीन पेट्यांसारखे अँटेने. पायाशी एक गार खोली, आत दोन कपाटे. हा 'ग्लाइड पाथ'. विमानाने किती उंचीवरून किती उतारावर यावे हे तो सांगतो. उतार साधारण तीन अंशांचा. ऐकायला हे फारच थोडे वाटते. एक किलोमीटर पुढे यावे तेव्हा बावन्न मीटर खाली यावे, इतका हा सौम्य घाट आहे. आपल्या खंडाळ्याच्या गाडीरस्त्याला याहून तीव्र चढ लागतात.

गंमत अशी की त्या खांबाचे अर्धे काम जमीन करते. अँटेन्यातून निघालेल्या लहरी थोड्या सरळ जातात, थोड्या समोरच्या जमिनीवर आपटून वर उसळतात, आणि दोन्हींच्या मिळणीतून तो तिरका उतार हवेत तयार होतो. म्हणून समोरची जमीन सपाट हवी. खड्डा नको, ढिगारा नको, पाण्याचे तळे नको. पावसाळ्यात गवत माजले तरी कुरकुर सुरू होते. "सर, आमचं निम्मं इंजिनिअरिंग गवत कापण्यात जातं," माझी विद्यार्थिनी म्हणाली. मी हे वाक्य अण्णांसाठी मनात टिपून ठेवले.

मग तिने मला तत्त्व समजावले. मला कळले तसे सांगतो. शास्त्राच्या प्राध्यापकांनी उदार मनाने वाचावे. दोन अँटेना-व्यवस्था असतात : एक उतार सांगणारी, ती ही, दुसरी डावे-उजवे सांगणारी, ती पश्चिमेच्या टोकाला. दोघीही एकाच युक्तीने बोलतात. लहरींवर दोन सूर चढवलेले असतात. एक सेकंदाला ९० कंपनांचा, दुसरा १५० कंपनांचा. उतरणारे विमान वाटेच्या डावीकडे गेले तर ९०चा सूर वरचढ होतो, उजवीकडे गेले तर १५०चा. तसेच उंचीचे : फार वर असाल तर ९०, फार खाली असाल तर १५०. दोन्ही सूर सारखे भरले की तुम्ही वाटेवर. वैमानिकापुढे दोन काटे असतात, एक उभा आणि एक आडवा. दोन्ही मध्याला आणून धरायचे, एवढेच त्याचे काम. ते 'एवढेच' पावसात, वाऱ्यात, दीडशे-दोनशे माणसे पाठीशी घेऊन करायचे असते.

मला पेटी थोडी येते. मी मनात हिशेब केला : ९० आणि १५०, म्हणजे तीनास पाच. खालच्या सुराला षड्ज धरला तर वरचा बरोबर शुद्ध धैवत. मी हे बोललो तेव्हा बाई क्षणभर गप्प झाल्या आणि म्हणाल्या, "सर, पंधरा वर्षं हे आकडे रोज पाहते, पण हे कधी सुचलं नव्हतं." वर्गात मी इतका खूष कधी झालो नसेन.

तिने कपाटावरचा एक आकडा दाखवला. दोन सुरांच्या भरणीतला फरक त्यात दिसतो. वाटेच्या बरोबर मध्यावर तो शून्य यायला हवा. शून्य मिळाल्याचा आनंद मानणारे खाते मी आयुष्यात प्रथमच पाहिले. दोन कपाटे असण्याचे कारण असे, की एक चालते आणि दुसरे तयारीत उभे राहते. तिसरे एक यंत्र या दोघांवर सतत कान ठेवून असते. सूर जरा बिघडला की चालते कपाट बंद करून ते दुसरे चालू करते, आणि तेही बिघडले तर सारेच बंद. मी म्हटले, "अगं, पण मग वरच्या विमानानं काय करायचं?" ती म्हणाली, "त्याला निदान कळतं की आता कोणी सांगत नाही. चुकीचं सांगितलेलं त्याला कळणार नाही, सर." शिवाय ठराविक मुदतीने एक खास विमान येऊन हीच वाट आकाशातून तपासते. पटवाऱ्याने शेताची मोजणी करावी तशी.

मी मग माझे जुने गाऱ्हाणे काढले. ती म्हणाली, या वाटेने येताना सर्वसाधारण दर्जाच्या यंत्रणेत जमिनीपासून दोनशे फुटांवर एक हद्द असते. तिथवर काट्यांवर विश्वास ठेवून यायचे. तिथे धावपट्टीचे दिवे डोळ्यांनी दिसले तर उतरायचे; नाही दिसले तर विचार करीत बसायचे नाही, वर जायचे. दिल्लीला धुके फार, म्हणून तिथे याहून पुष्कळ वरच्या दर्जाची यंत्रणा बसवली आहे. त्यासाठी विमान, वैमानिक, दिवे, वीज सगळेच त्या तोडीचे लागते. "तुमच्या वैमानिकाला दिवे दिसले नाहीत आणि तो वर गेला. यात त्यानं ठरवण्यासारखं काही नव्हतंच." मी काही बोललो नाही. टाळ्या न वाजवल्याची थोडी रुखरुख वाटली, हे इथे नोंदवतो.

दोनशे फूट म्हणजे किती? आमच्या पार्ल्यात हल्ली उठणाऱ्या वीस मजली इमारतींइतके. त्या उंचीवरून जमीन दिसेपर्यंत माणूस निव्वळ दोन सुरांच्या भरवशावर येतो, ही गोष्ट रूढ व्हायला पुष्कळ वर्षे लागली. १९२९ साली, २४ सप्टेंबरला, अमेरिकेत जिमी डूलिटल नावाच्या वैमानिकाने आपली बैठक कापडाने झाकून घेतली आणि बाहेरचे काहीही न पाहता विमान उडवले, फिरवले आणि उतरवले. पुढच्या बैठकीत सावधगिरीसाठी दुसरा वैमानिक होता. त्याने हात वर धरले होते, की पाहा, मी कशालाही शिवत नाही. पुढे जर्मनीत लोरेन्झ कंपनीने ठिपके आणि रेघांची युक्ती काढली. वाटेच्या एका बाजूला कानात ठिपके, दुसऱ्या बाजूला रेघा, आणि मध्यावर दोन्ही एकमेकांत मिसळून एकसंध सूर. आमच्या अण्णांना हे फार आवडले असते. १९३८च्या जानेवारीत वॉशिंग्टनहून पिट्सबर्गला निघालेले एक उतारू विमान हिमवादळात आजच्या पद्धतीच्या यंत्रणेने उतरले आणि मग ही विद्या जगभर पसरली. आपल्याकडे त्याच्या सहाच वर्षे आधी, १९३२च्या ऑक्टोबरात, जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले होते ते निव्वळ डोळ्यांच्या जोरावर. पावसाळ्यात जुहूच्या मैदानात चिखल व्हायचा, तेव्हा सगळा कारभार पुण्याला न्यावा लागे.

जुहूचा उल्लेख आला तर ती हकीकत सांगितलीच पाहिजे. सांताक्रूझचा विमानतळ आणि जुहूचा जुना विमानतळ यांच्यात अंतर ते किती, दोन-अडीच मैल! दोघांच्याही धावपट्ट्या जवळजवळ पूर्व-पश्चिम. नुसत्या डोळ्यांनी पाहणाऱ्याची फसगत व्हायला आणखी काय हवे? १५ जुलै १९५३ रोजी ब्रिटिश कंपनीचे एक झकास कॉमेट जेट सांताक्रूझ समजून जुहूला उतरले. ते थांबले हे नशीब. पण तिथून उडवून न्यायला नऊ दिवस लागले. १९७२ साली जपानच्या विमान कंपनीचे लंडनहून टोकियोला निघालेले डीसी-८ तसेच जुहूला उतरले. एवढ्या विमानाला ती धावपट्टी कुठून पुरणार? ते टोक ओलांडून पुढे गेले आणि मोडले. जीव मात्र कोणाचा गेला नाही. तारीख २४ सप्टेंबर, म्हणजे डूलिटलने डोळे झाकून विमान उतरवले त्याला त्या दिवशी बरोबर त्रेचाळीस वर्षे झाली होती! त्या दिवशी रविवार होता. अण्णा तेव्हा विशीतले, नोकरीच्या शोधात. बातमी कानावर येताच पार्ल्याहून धावत गेले होते. त्या विमानाची त्यांनी पाहिलेली शेपटी आम्ही लहानपणी इतक्या वेळा ऐकली आहे, की ती मीच पाहिली असे मला कधीकधी वाटते.

आता पश्चिमेचे टोक. जीप धावपट्टीच्या बाजूच्या रस्त्याने निघाली. शेजारून एक विमान उडाले तेव्हा छातीच्या फासळ्या वाजल्या. धावपट्टी संपली, पुढे थोडी मोकळी जमीन, आणि तिथे ती ओळ उभी होती.

मला काय अपेक्षित होते कोण जाणे. काही तरी भव्य, आकाशवाणीच्या मनोऱ्यासारखे. प्रत्यक्षात माणसाच्या उंचीहून जरा वर, नारिंगी रंगाचे, माशाच्या काट्यासारखे दिसणारे अँटेने एका रांगेत, सगळ्यांची तोंडे पूर्वेला. लग्नाच्या पंगतीला पाटावर बसलेली मंडळी वाढप्याची वाट पाहत असावीत तशी. ही ओळ फार मजबूत नाही, आणि ते मुद्दाम. एखादे विमान चुकून धावपट्टीबाहेर आलेच तर त्याला इजा न होता आपण मोडावे, अशाच बेताने ती बांधलेली असते. पण इथून निघालेली वाट पूर्वेला पंचवीस सागरी मैल, म्हणजे बदलापूरच्याही पलीकडे ऐकू जाते. तिथे ती चांगली ऐसपैस असते. पुढे निमुळती होत होत धावपट्टीच्या उंबऱ्याशी या कडेपासून त्या कडेपर्यंत २१० मीटर उरते, आणि काटा मध्याला असेल तर विमान बरोबर पांढऱ्या रेघेवर येते.

हल्ली उपग्रहांवरूनही असेच मार्गदर्शन होते. आपल्या 'गगन' यंत्रणेच्या आधाराने २०२२च्या एप्रिलमध्ये राजस्थानात किशनगढला एक विमान उतरवून पाहिले, तिथे अशा ओळीची गरजच पडली नाही. विद्यार्थिनी हे अभिमानाने सांगत होती. मी ऐकत होतो, पण माझे लक्ष त्या नारिंगी रांगेवरून हलत नव्हते. मी ती अण्णांसाठी पाहत होतो. रंग, उंची, तोंड कुठे, मागे भिंत किती लांब, जवळच्या झाडावर कावळा होता तोसुद्धा.

निघताना तिने खोलीतल्या एका यंत्राचा आवाज मोठा केला. खालून घुमणारी गुणगुण, आणि तिच्यावर ठराविक वेळाने टिक-टिक, टीऽक असे काही तरी. "ही या धावपट्टीची ओळख. मोर्समध्ये. वैमानिकानं आधी हे नाव तपासायचं, मग काट्यांवर विश्वास ठेवायचा, म्हणजे दुसऱ्याच वाटेला लागायला नको." मी कान देऊन ऐकले. फोन बाहेर ठेवलेला, कागद-पेन्सिल जीपमध्ये. वृत्ताची लगावली पाठ करावी तशी ती चाल मी पाठ केली आणि विमानतळाच्या फाटकापासून पार्ल्याच्या घरापर्यंत रिक्षात मांडीवर वाजवत आलो.

अण्णा गॅलरीत होते. मी सगळे सांगितले. खांब, तीन पेट्या, शून्य, षड्ज-धैवत, नारिंगी रंग. "गवत कापलेलं होतं?" त्यांनी विचारले. होते, मी म्हटले. "तोंडं पूर्वेला?" पूर्वेला. अण्णा बराच वेळ नुसते मान हलवत होते. मग मी म्हटले, "आणि तुमच्यासाठी एक तार आणली आहे." खुर्चीच्या हातावर बोटाने ती चाल वाजवून दाखवली. अण्णांनी मान कलती केली आणि बोट वर धरले. तार घेताना ते असेच बसत असत, हे मला आई सांगायची.

"पुन्हा," ते म्हणाले.

मी पुन्हा वाजवली.

"पहिलं अक्षर आय. दोन ठिपके. बरोबर आहे," अण्णा म्हणाले. "पुढचं जे तू वाजवतोस, ते अक्षर मोर्समध्ये नाहीच. परत जा आणि नीट ऐकून ये."